संशोधकाचे मोल कोणत्या मापाने?
(विज्ञानप्रेमी नागरिक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



आजच्या विषयाकडे मी एका प्रसंगातून आलो, तो प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी मला एका निवड समितीवर बसण्याचा योग आला. कर्करोगाच्या जीवशास्त्रात काम करणारे दोन तरुण उमेदवार समोर होते. एकाच्या अर्जाला जोडलेल्या शोधनिबंधांची यादी लांबलचक होती, दुसऱ्याची जेमतेम एका पानाची. निर्णय पाच मिनिटांत झाला. समितीतल्या आम्हा कोणाच्याही समोर त्या दोघांचा एकही निबंध नव्हता, होते ते फक्त आकडे. त्या दिवशी मीही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची बोच पुढे अनेक दिवस राहिली. आपण नेमके काय मोजले, हा प्रश्न तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

हा प्रश्न विद्यापीठांच्या चार भिंतींतला आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी समजू नये. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख लोक त्या रोगाने दगावले. या रोगावर कोणी काम करावे, कोणाला प्रयोगशाळा मिळावी, कोणाला निधी मिळावा, हे जर चुकीच्या मापाने ठरू लागले, तर त्याची किंमत अखेर आपल्याच घरांतील रुग्ण मोजतात.

हे माप आले कोठून?

संशोधक आपले निष्कर्ष शोधनिबंधातून मांडतो. पुढे दुसरा संशोधक आपल्या निबंधात त्याचा आधार घेतो आणि तसा स्पष्ट निर्देश करतो. या निर्देशाला ‘सायटेशन’ म्हणतात. आपण त्याला ‘उल्लेख’ म्हणू. अमेरिकेतील वकील जुन्या निवाड्यांचा पुढे कोठे कोठे आधार घेतला गेला, याची सूची एकोणिसाव्या शतकापासून वापरत असत. तीच कल्पना विज्ञानासाठी वापरावी, असे यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सुचविले आणि १९६० च्या दशकात त्यांच्या संस्थेने विज्ञानातील उल्लेखांची सूची प्रत्यक्षात आणली. एखाद्या विचाराचा माग काढता यावा, हा तिचा मूळ हेतू. त्यातूनच नियतकालिकांचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला. एखाद्या नियतकालिकातील मागच्या दोन वर्षांच्या लेखांचा यंदा सरासरी किती वेळा उल्लेख झाला, एवढेच तो सांगतो. ग्रंथालयाने कोणते नियतकालिक घ्यावे, हे ठरविण्यास तो उपयोगी आहे. परंतु तो नियतकालिकाचा गुण आहे, त्यातील प्रत्येक लेखाचा नव्हे.

२००५ मध्ये जॉर्ज हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने व्यक्तीसाठी एक अंक सुचविला, तो ‘एच-निर्देशांक’. एखाद्याचा निर्देशांक वीस आहे, याचा अर्थ त्याच्या किमान वीस निबंधांचा प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेख झाला आहे. सोपा, आटोपशीर आकडा. म्हणूनच तो जगभर पसरला. मात्र तो वयाबरोबर वाढतच जातो, कधी घटत नाही. ज्या शाखेत संशोधकांची गर्दी मोठी, तिथे तो सहज फुगतो. आणि निबंधावर दहा नावे असतील, तर प्रत्यक्ष काम कोणी केले, हे तो सांगत नाही.

कमलताईंची यादी

आता ही मापे एका खऱ्या जीवनाला लावून पाहू. डॉ. कमल रणदिवे, पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक. शालेय शिक्षण हुजूरपागेत. मुलीने डॉक्टर व्हावे, ही वडिलांची इच्छा. मुलीला मात्र जीवशास्त्राची ओढ होती. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तेथे त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकल्या. मानवी कर्करोगाच्या पेशी शरीराबाहेर अखंड वाढविण्याचे काम १९५१ मध्ये याच गे यांच्या प्रयोगशाळेत प्रथम साधले होते. तेथेच राहण्याचा मोह कोणालाही झाला असता. कमलताई मुंबईला परत आल्या आणि १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाचा भार वाहिला. १९८२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध प्रसिद्ध झाले. म्हणजे केवळ यादीची लांबी पाहणाऱ्या समितीपुढेही कमलताई उणे पडल्या नसत्या. मात्र त्या दोनशेंमागे काय होते आणि त्यांच्या पलीकडे काय होते, हे यादीत दिसत नाही.

मागे काय होते, ते पाहा. स्तनाचा कर्करोग, आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध उंदरांमध्ये अभ्यासणे, हा त्यांचा एक मुख्य विषय. यासाठी सर्व प्राणी आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असलेला वाण लागतो. तो तयार करायचा, तर सख्ख्या भावंडांची जोडी लावत किमान वीस पिढ्या जाव्या लागतात. उंदराची पिढी सुमारे तीन महिन्यांची धरली, तरी पाच वर्षे झाली. या पाच वर्षांत रोज पिंजरे स्वच्छ करायचे, प्रत्येक पिल्लाची नोंद ठेवायची, एकही जोडी चुकू द्यायची नाही. इम्पॅक्ट फॅक्टर दोन वर्षांचा हिशेब करतो आणि काम पाच वर्षांनी सुरू होते. आजच्या एखाद्या तरुणाने असा प्रकल्प हाती घेतला, तर पहिल्याच वार्षिक आढाव्यात त्याला विचारले जाईल, ‘यंदा किती निबंध?’

आणि पलीकडे काय होते? ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी करणे, हा काही शोधनिबंध नव्हे. निर्जंतुक खोली, वाढीसाठी लागणारी द्रव्ये, उपकरणे, आणि सर्वांत कठीण म्हणजे हाताला शिस्त लागलेले साहाय्यक, हे सर्व परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात मुंबईत जमवायचे होते. त्या खोलीत पुढे ज्यांनी पेशी वाढविल्या, त्यांच्या निबंधांत निष्कर्षांचा उल्लेख झाला. खोलीचा उल्लेख कोण करणार? घराच्या पायाला कोणी रंग देत नाही. पण घर उभे राहते ते त्यावरच.

त्याच केंद्रात १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जिवाणू वेगळा करून वाढविण्यात आला. संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी बॅसिलस’ हे नाव मिळाले. या कामात कमलताईंचा प्रमुख वाटा होता. पुढे त्याच जिवाणूपासून कुष्ठरोगाविरुद्ध लस तयार झाली. दक्षिण भारतात तिची मोठी चाचणी झाली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. प्रयोगशाळेतल्या एका कुपीपासून समाजातल्या चाचणीपर्यंत चाळीस वर्षे गेली. एवढा लांब हिशेब कोणताही निर्देशांक ठेवत नाही.

उल्लेख कायद्यात झाला

आता कमलताईंच्या गुरूंकडे वळू. खानोलकरांना इंग्लंड-अमेरिकेतील पाठ्यपुस्तके तोंडपाठ होती. परंतु मुंबईच्या रुग्णालयात त्यांच्या डोळ्यांसमोर तोंडाच्या कर्करोगाचे जेवढे रुग्ण येत, तेवढे त्या पुस्तकांत कोठेच नव्हते. त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि रुग्णाला प्रश्न विचारले. तुम्ही काय खाता, काय चघळता, वस्त्र कसे नेसता? भारतातील चालीरीतींशी निगडित कर्करोगांवर त्यांनी एका सहकारी संशोधिकेसह १९४५ मध्ये निबंध लिहिला. कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने त्वचेला होणारा कर्करोग वैद्यकशास्त्राने नोंदविला, तो त्यांच्यामुळे. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू चघळणे व ओढणे यांचा तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध ब्रिटनच्या प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात मांडला.

या कामाचा प्रभाव उल्लेखांच्या संख्येत शोधण्यापेक्षा पुढच्या घटनांत शोधावा. तंबाखूयुक्त विडा कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने १९८० च्या दशकात दिला. २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीचाही त्या यादीत समावेश झाला. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. त्या बंदीच्या आदेशात मुंबईच्या जुन्या निबंधाचे पान-क्रमांक नसतील. परंतु रुग्णाला विचारलेल्या त्या साध्या प्रश्नांपासून निघालेली वाट त्या आदेशापर्यंत येते. यातील मर्म हेच की प्रश्न आपल्या मातीतला होता आणि उत्तर शोधण्याची पद्धत जगाने मान्य केलेली होती. स्वदेशी विज्ञानाचा मला समजलेला अर्थ हाच.

आकडा कधी फसवतो, कधी उशिरा येतो

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला शोधनिबंध कोणता? १९५१ मध्ये लाउरी आणि सहकाऱ्यांनी लिहिलेला, प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ पर्यंत त्याचे तीन लाखांहून अधिक उल्लेख झाले होते. त्या निबंधात विश्वाचे रहस्य उलगडलेले नाही. रोज उपयोगी पडणारे एक साधन त्यात आहे. आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे उदाहरणही असेच. आंध्रातील या संशोधकाने हार्वर्डमध्ये फिस्के यांच्यासह फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. १९२५ चा तो निबंध पिढ्यान् पिढ्या उल्लेखिला गेला. परंतु सुब्बारावांनी पुढे औषध कंपनीत जे काम केले, त्यातून फॉलिक आम्लाला विरोध करणारी औषधे निघाली. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी त्यांपैकी एक औषध रक्ताच्या कर्करोगाने ग्रस्त मुलांना दिले आणि तात्पुरता का होईना, त्या रोगाला प्रथमच उतार पडला. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरले जाते. फार्बर यांचे नाव जगभर झाले. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. त्यांच्यामुळे किती बालके वाचली, हे कोणत्याही यादीत सापडणार नाही.

आणि उशीर? कोंबड्यांमधील गाठ विषाणूमुळे एकीकडून दुसरीकडे संक्रमित होते, हे पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखविले. दीर्घकाळ फारसे कोणी मनावर घेतले नाही. नोबेल पारितोषिक आले ते १९६६ मध्ये, त्यांच्या वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी. त्यांना दर तीन वर्षांनी आकडे दाखवून नोकरी टिकवावी लागली असती, तर काय झाले असते, याचा विचार करा.

दोन टोके टाळू या

येथे मी एक सावधगिरीची सूचना करतो, आणि ती प्रथम आपल्यासाठीच आहे. ‘हे सारे मापदंड पाश्चात्त्यांचे, आम्हाला ते मान्य नाहीत’ असे म्हणणे सोपे असते, टाळ्याही पडतात. परंतु त्या वाक्याच्या आडोशाला आपले सामान्य काम लपवू नये. आपल्याकडे सर्व काही पूर्वीच होते, असे म्हणून आजचा एकही रुग्ण बरा होत नाही.

शिवाय उल्लेख करणे ही कल्पना आपल्याला परकी नाही. पाणिनीने अष्टाध्यायीत शाकटायन, गार्ग्य, शाकल्य यांच्यासह आपल्या आधीच्या दहा वैयाकरणांची नावे घेतली आहेत. आपल्याकडे भाष्यकार प्रथम पूर्वपक्ष मांडतो, मग सिद्धान्त. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे नाव घ्यावे आणि ज्यांचे खंडन करावयाचे त्यांचेही म्हणणे प्रामाणिकपणे मांडावे, ही शिस्त आहे. आपण ऋषिऋण म्हणतो, ते ज्ञानाचेच ऋण. उल्लेख म्हणजे त्या ऋणाची जाहीर कबुली. दुर्दैव असे की आज या ऋणाचाच बाजार मांडला गेला आहे. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके निघाली. परस्परांचे उल्लेख करण्याची मंडळे तयार झाली. तयार निबंध विकणारी दुकानेही उघडली. या बाजाराला आपल्याकडील नियमांनीही हातभार लावला, हे मान्य केले पाहिजे. २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीला गुणांचे कोष्टक जोडले आणि निबंधांची संख्या वाढली. ती वाढ आवरण्यासाठी पुढे मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी करावी लागली. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकण्यात आली, हे योग्यच झाले. जगातही हीच जाणीव वाढत आहे. नियतकालिकाच्या आकड्यावरून संशोधकाची पारख करू नये, असे आवाहन सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये भरलेल्या बैठकीतून निघाले आणि त्यावर अनेक देशांतील संस्थांनी स्वाक्षरी केली.

दुसरे टोक म्हणजे आकड्यांचा सरसकट तिरस्कार. तोही नको. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा एक निबंध २०१५ मध्ये अमेरिकेतील अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात आला. तोंडाच्या कर्करोगाच्या प्रारंभिक अवस्थेत मानेतील ग्रंथी लगेच काढाव्यात की रोग तेथे पोहोचल्यावर, असा प्रश्न होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील रुग्णांवर झालेल्या या अभ्यासात, ग्रंथी लगेच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनंतर ८० टक्के हयात होते आणि थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. या निबंधाचे जगभर उल्लेख झाले, कारण त्याने शल्यविशारदांपुढचा जुना वाद निकाली काढला. येथे उल्लेख कामाच्या मागून आले. ते मागूनच यावेत.

मग मोजावे कसे?

त्या निवड समितीत मी विचारावयास हवे होते असे चार प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. पहिला, या संशोधकाने निवडलेला प्रश्न महत्त्वाचा आहे काय, आणि तो त्याला कोठे भेटला? दुसरा, त्याचे निष्कर्ष दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे पडताळून पाहिले काय? तिसरा, त्याने मागे काय ठेवले? शिष्य, प्रयोगशाळा, साधन, नोंदी? चौथा, त्याच्या ज्ञानाचा शेवटच्या माणसापर्यंत काही उपयोग पोहोचला काय? या चार प्रश्नांची उत्तरे मिळवायला निबंध वाचावे लागतात, माणसांशी बोलावे लागते. त्याला वेळ लागतो. परंतु तीस वर्षांची नियुक्ती पाच मिनिटांत करण्यापेक्षा तो वेळ स्वस्त आहे.

कमलताईंना हे प्रश्न लावून पाहा. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे आपण ऐकलीच. चौथ्याचे उत्तरही त्यांनी दिले. १९७३ मध्ये त्यांनी सहकारी भगिनींसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नोकरी करणाऱ्या वैज्ञानिक स्त्रीला संशोधन अर्धवट सोडावे लागते ते बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, मूल कोठे ठेवावे हा प्रश्न सुटत नाही म्हणून, हे त्यांना ठाऊक होते. त्या संघटनेने वाशी येथे वसतिगृह आणि पाळणाघर चालविले. आणि स्वतः कमलताई अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमधील, अकोले तालुक्याच्या वनवासी भागात गेल्या. तेथील बालकांचे पोषण आणि रक्ताची स्थिती त्यांनी अभ्यासली, गावांतील महिलांना आरोग्याचे प्रशिक्षण दिले. ज्या हातांनी बाल्टिमोरमध्ये पेशी वाढविल्या होत्या, त्याच हातांनी त्या डोंगराळ पाड्यांतील मुलांची वजने घेतली. हे काम कमी प्रतीचे आहे, असे त्यांना वाटले नाही.

जाता जाता कार्यकर्ते आणि कुटुंबे यांच्यासाठी दोन गोष्टी. आपल्या वस्तीत सेवाकार्य चालते, तिथे तंबाखूमुक्तीचा आणि मुखतपासणीचा कार्यक्रम नियमाने जोडा. खानोलकरांच्या निबंधाचा याहून चांगला उल्लेख दुसरा नाही. आणि आपल्या घरातील मुलगी किंवा मुलगा संशोधनाच्या वाटेने निघाला असेल, तर ‘किती पेपर झाले?’ हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नका. ‘सध्या कोणता प्रश्न सोडवतो आहेस?’ असे विचारा. उत्तर समजले नाही, तरी शेवटपर्यंत ऐका.

त्या निवडीत मागे राहिलेला तरुण आज काय करतो, ते मला माहीत नाही. त्याचा एक पानाचा अर्ज वाचण्याचे कर्तव्य माझ्याकडून झाले नाही. येथे बसलेल्यांपैकी अनेकजण उद्या अशा समित्यांवर बसतील. त्यांच्याकडून ते व्हावे, एवढीच प्रार्थना करून थांबतो.